घटक ४ : संकलनाचे सॉफ्टवेअर बदलताना

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• संकलकाचा निर्णय आणि तो अमलात आणणारे साधन यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात काम नेताना काय सोबत येते व काय मागे राहते, हे सांगता येईल.
• बदलापूर्वीच्या तयारीचे टप्पे क्रमाने मांडता येतील.
• देवनागरी श्रेयनामावली व उपशीर्षके यांच्याबाबत घ्यावयाची दक्षता सांगता येईल.

४.१ प्रास्ताविक



मराठीत वृत्तपत्राच्या संदर्भात ‘संपादन’ आणि चित्रपटाच्या संदर्भात ‘संकलन’ असे दोन शब्द रूढ आहेत. या घटकात आपण दुसऱ्या शब्दाचा, म्हणजे दृश्य आणि ध्वनी यांच्या जुळणीचा विचार करणार आहोत. आपल्यापैकी काहीजण माहितीपट, मुलाखती, शैक्षणिक चित्रफिती किंवा समारंभांचे चित्रीकरण यांवर उपजीविका करीत असतील. काहीजण ती करू इच्छित असतील. अशा प्रत्येकावर कधी ना कधी साधन बदलण्याची वेळ येते. सॉफ्टवेअरची वर्गणी परवडेनाशी होते, जुना संगणक बंद पडतो, नवी संस्था वेगळे सॉफ्टवेअर वापरत असते, किंवा निर्माती कंपनीच ते सॉफ्टवेअर बंद करते.

अशा वेळी ‘सगळे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागणार’ अशी भीती वाटते. ही भीती पूर्णपणे खरी नाही, तशी निराधारही नाही. संकलनाची दृष्टी कोणी हिरावून घेत नाही. परंतु वर्षानुवर्षांचे केलेले काम मात्र एखाद्या दिवशी उघडेनासे होऊ शकते. म्हणूनच सॉफ्टवेअर बदलणे हा कार्यपद्धतीचा आणि कामाच्या जतनाचाही प्रश्न आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ निर्णय आणि साधन

एखादी मुलाखत संकलित करताना आपण काय करतो, ते पाहू. वक्त्याचे वाक्य कोठे संपवायचे, त्यानंतरची शांतता किती क्षण ठेवायची, त्याच्या चेहऱ्यावरून हातांवर केव्हा जायचे, हे आपण ठरवितो. हे निर्णय आशयाशी आणि लयीशी निगडित असतात. तो कट ‘सी’ हे बटण दाबून केला की ‘बी’ दाबून, याचा प्रेक्षकाशी काहीही संबंध नसतो.

वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकाची कारकीर्द या दृष्टीने उद्बोधक आहे. फिल्मच्या पट्ट्या प्रत्यक्ष कापून जोडण्याच्या काळात ते या व्यवसायात आले. ‘द इंग्लिश पेशंट’ (१९९६) या चित्रपटासाठी त्यांना संकलनाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. डिजिटल पद्धतीने संकलित झालेल्या चित्रपटाला हे पारितोषिक मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. ते काम अ‍ॅविड या प्रणालीवर झाले होते. पुढे ‘कोल्ड माउंटन’ (२००३) हा मोठ्या खर्चाचा चित्रपट त्यांनी फायनल कट प्रो या तुलनेने स्वस्त सॉफ्टवेअरवर संकलित केला आणि त्यासाठीही त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. साधने बदलत गेली, तरी कट कोठे करावा याविषयीची त्यांची जाण त्यांच्याबरोबरच राहिली.

मात्र साधन पूर्णपणे तटस्थ असते असेही नाही. प्रत्येक सॉफ्टवेअर काही कृती सोप्या करते आणि काही अवघड. जी कृती सोपी असते ती आपण अधिक वेळा करतो आणि हळूहळू तिलाच आपली शैली समजू लागतो. साधन बदलताना आपली शैली कोणती आणि सवय कोणती, हे ओळखण्याची संधी मिळते.

४.२.२ एक महत्त्वाचे उदाहरण : फायनल कट प्रो, २०११

अ‍ॅपल कंपनीचे फायनल कट प्रो १९९९ मध्ये बाजारात आले आणि दहा वर्षांत ते जगभरच्या असंख्य संकलकांचे मुख्य साधन बनले. त्याची सातवी आवृत्ती २००९ मध्ये आली. २१ जून २०११ रोजी कंपनीने ‘फायनल कट प्रो टेन’ प्रकाशित केले. नाव तेच असले, तरी आतील रचना मुळापासून नवी होती.

पूर्वीच्या आवृत्तीत क्लिपा ठरावीक ट्रॅकवर ठेवल्या जात. एक क्लिप काढली तर तिथे रिकामी जागा राहत असे. ती भरायची की ठेवायची, हे संकलक ठरवीत असे. नव्या आवृत्तीतील टाइमलाइन चुंबकासारखी होती. एक क्लिप काढताच पुढच्या क्लिपा आपोआप सरकून जागा भरून काढीत. क्लिपांच्या वर्गवारीसाठी शोधशब्दांवर भर देण्यात आला होता. अनेकांना ही रचना पुढे आवडली. परंतु पहिल्या दिवशी अडचण वेगळीच होती. सातव्या आवृत्तीतील प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत उघडतच नव्हते. एकाच प्रसंगाच्या अनेक कॅमेऱ्यांच्या दृश्यांचे एकत्रित संकलन करण्याची सोय नव्हती. दुसऱ्या सॉफ्टवेअरशी देवाणघेवाण करण्यासाठी लागणारी एक्सएमएल फाइलही तयार करता येत नव्हती. शिवाय जुन्या आवृत्तीची विक्री थांबविण्यात आली होती.

व्यावसायिकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. त्यानंतर एक्सएमएलची सोय सप्टेंबर २०११ मध्ये आणि बहुकॅमेरा संकलनाची सोय जानेवारी २०१२ मध्ये आली. तोपर्यंत अनेकजण अडोबी कंपनीच्या प्रीमिअर प्रोकडे किंवा अ‍ॅविडकडे वळले होते. पुढे २०१७ मध्ये अ‍ॅपलची ‘हाय सिएरा’ ही संगणकप्रणाली आली आणि तिच्यावर सातवी आवृत्ती चालेनाशी झाली. ज्यांनी जुने प्रोजेक्ट वेळीच दुसऱ्या स्वरूपात जतन केले नव्हते, त्यांना ते पाहण्यासाठी जुना संगणक सांभाळून ठेवण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

या घटनेतून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रोजेक्ट फाइल ही आपल्या कामाची नोंद असते, पण ती एका विशिष्ट सॉफ्टवेअरच्या भाषेत लिहिलेली असते. ते सॉफ्टवेअर गेले की ती भाषा वाचणारा कोणी उरत नाही. प्रीमिअर प्रोच्या बाबतीतही हा धोका वेगळ्या रूपात संभवतो. अडोबीने २०१३ मध्ये आपली सॉफ्टवेअर केवळ वर्गणीवर देण्याचे धोरण जाहीर केले. वर्गणी थांबली, तर प्रोजेक्ट फाइल आपल्या संगणकावर राहते, पण ती उघडण्याचे साधन राहत नाही.

आपली प्रगती तपासा : १
फायनल कट प्रोच्या सातव्या आवृत्तीतील टाइमलाइन आणि २०११ च्या आवृत्तीतील टाइमलाइन यांत कोणता मूलभूत फरक होता?

४.२.३ काय सोबत येते, काय मागे राहते

आता आजच्या काळातील एक प्रातिनिधिक बदल विचारात घेऊ : प्रीमिअर प्रोकडून डाविंची रिझॉल्व्हकडे. रिझॉल्व्ह हे मुळात रंगसंस्काराचे साधन. ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीने ते २००९ मध्ये विकत घेतले आणि २०११ पासून त्याची विनामूल्य आवृत्तीही उपलब्ध करून दिली. पुढे त्यात संकलन, ध्वनी व दृश्यपरिणाम यांची भर पडली. विनामूल्य आवृत्तीमुळे स्वतंत्रपणे काम करणारे अनेकजण तिच्याकडे वळतात.

दोन सॉफ्टवेअरमधील देवाणघेवाणीसाठी मुख्यतः तीन प्रकारच्या फाइली वापरल्या जातात. सर्वांत जुनी ईडीएल, म्हणजे कटांची यादी. कोणत्या क्लिपचा कोणता भाग कोठे आला, एवढेच ती सांगते आणि मूलतः एकाच दृश्य-ट्रॅकसाठी ती घडविलेली आहे. एएएफ ही फाइल विशेषतः ध्वनिसंस्कारासाठी काम पाठविताना उपयोगी पडते. तिसरी एक्सएमएल, तिच्यात अनेक ट्रॅक आणि क्लिपांविषयीचा अधिक तपशील मावतो. प्रीमिअर प्रो जी एक्सएमएल फाइल तयार करते, ती त्या बंद पडलेल्या फायनल कट प्रोच्या सातव्या आवृत्तीच्या स्वरूपातील असते. सॉफ्टवेअर गेले, परंतु त्याची खुली, मजकुराच्या रूपात वाचता येणारी नोंदपद्धती मात्र दोन परक्या साधनांमधील दुभाषी म्हणून टिकून राहिली.

या दुभाष्याची मर्यादा ओळखणे आवश्यक आहे. साधारणपणे कट, क्लिपांचा क्रम, त्यांचे आरंभ-अंत बिंदू, ट्रॅकची मांडणी आणि साधे विरघळते संक्रमण या गोष्टी सोबत येतात. दृश्याचा आकार व स्थान यांविषयीची माहिती बहुधा येते, पण ती तपासावी लागते. रंगसंस्कार, बाहेरून घेतलेले परिणाम, ध्वनीवरील प्रक्रिया, शीर्षकांची सजावट आणि क्रमाक्रमाने बदलणारी गती या गोष्टी मागे राहतात किंवा विस्कटतात. थोडक्यात, ‘कोठे’ आणि ‘किती’ हे येते. ‘कसे दिसावे’ ते पुन्हा घडवावे लागते.

४.२.४ बदलापूर्वीची तयारी

चालू कामाच्या मध्यावर साधन बदलणे शक्यतो टाळावे. एक काम पूर्ण करून पुढचे, तेही लहान आणि मुदतीचा ताण नसलेले काम, नव्या साधनावर घ्यावे. जुने काम न्यावयाचेच असेल, तर पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

पहिला टप्पा स्वच्छतेचा. मूळ टाइमलाइनची प्रत करावी आणि फेरफार त्या प्रतीतच करावेत. न वापरलेले ट्रॅक व बंद ठेवलेल्या क्लिपा काढाव्यात. एका टाइमलाइनच्या पोटात दुसरी ठेवली असल्यास ती शक्यतो उलगडून घ्यावी; कारण अशा गुंतलेल्या रचना स्थलांतरात हमखास अडखळतात.

दुसरा टप्पा नोंदीचा. प्रत्येक महत्त्वाच्या परिणामाची आकड्यांसह नोंद साध्या मजकुराच्या फाइलीत करावी : कोणती क्लिप, किती गती, ध्वनीची पातळी किती. ही नोंद कंटाळवाणी वाटते. पण तीच पुढे दिवसभराचे श्रम वाचविते.

तिसरा टप्पा संदर्भ-चित्रफितीचा. जुन्या सॉफ्टवेअरमधून संपूर्ण चित्रफीत एकसंध स्वरूपात काढून घ्यावी. नव्या टाइमलाइनवर ती सर्वांत वरच्या ट्रॅकवर ठेवून खालच्या कटांशी पडताळावी. एखादा कट एका फ्रेमनेही सरकला असेल, तरी तो लगेच लक्षात येतो.

चौथा टप्पा फ्रेमदराचा. आपल्याकडील दूरचित्रवाणीची पद्धत सेकंदाला २५ फ्रेमची, चित्रपटाची २४ ची. मोबाइलवरील चित्रीकरण बहुधा ३० च्या आसपास आणि अनेकदा बदलत्या फ्रेमदराचे असते. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्टचा फ्रेमदर साहित्य आत आणण्यापूर्वीच ठरवावा लागतो. हे न जाणता काम सुरू केले, तर ओठांची हालचाल आणि आवाज यांची फारकत होते. मोबाइलवरील साहित्य आधीच स्थिर फ्रेमदरात रूपांतरित करून घेणे हा सुरक्षित मार्ग होय.

पाचवा टप्पा फाइलींच्या नावांचा. कॅमेरे अनेकदा प्रत्येक कार्डावर तीच ती अनुक्रमांकित नावे देतात. त्यामुळे नवे सॉफ्टवेअर एका नावाच्या दोन क्लिपांमधून चुकीची उचलू शकते. कोणतेही काम सुरू करतानाच दिनांक व कॅमेरा दर्शविणारी वेगळी नावे देण्याची शिस्त बाळगावी. काम सुरू झाल्यानंतर मात्र नावे बदलू नयेत. तसे केल्यास जुने दुवे तुटतात.

आपली प्रगती तपासा : २
संदर्भ-चित्रफीत कशासाठी तयार करावी?

४.२.५ हाताच्या सवयी

अनुभवी संकलकाला नव्या साधनाचा सर्वाधिक त्रास बोटांमुळे होतो. प्रीमिअर प्रोमध्ये क्लिप छेदण्याचे साधन ‘सी’ या बटणावर, तर रिझॉल्व्हमध्ये ‘बी’वर असते. निवडीचे साधन पहिल्यात ‘व्ही’वर, दुसऱ्यात ‘ए’वर. पहिल्यात स्वल्पविरामाच्या बटणाने क्लिप मध्ये घुसविता येते; दुसऱ्यात त्यासाठी ‘एफ ९’ दाबावे लागते. मात्र ‘जे’, ‘के’ आणि ‘एल’ या बटणांनी मागे जाणे, थांबणे व पुढे जाणे, तसेच ‘आय’ आणि ‘ओ’ यांनी आरंभ व अंत ठरविणे, हे बहुतेक सर्व सॉफ्टवेअरमध्ये सारखेच आहे. म्हणजे पाहण्याच्या आणि निवडण्याच्या क्रिया जवळपास सार्वत्रिक आहेत.

रिझॉल्व्हमध्ये प्रीमिअर प्रोप्रमाणे बटणांची मांडणी निवडण्याची सोय आहे. ती वापरावी का? मुदत जवळ असेल तर जरूर वापरावी. परंतु नव्या साधनावर दीर्घकाळ काम करावयाचे असेल, तर त्याची मूळ मांडणी शिकणे हितकारक ठरते. प्रशिक्षणसाहित्यात व दुसऱ्याच्या संगणकावर तीच आढळते. रोज पाच कृती ठरवून तेवढ्याच नव्या पद्धतीने कराव्यात. मेनू शोधत बसण्याऐवजी ‘मला काय साधायचे आहे’ असा प्रश्न स्वतःला विचारावा. ‘मला ही क्लिप काढून मोकळी जागा बंद करायची आहे’ असे वाक्य तयार झाले, की त्या कृतीचे नवे नाव शोधणे सोपे जाते.

नव्या साधनाची रचनाही समजून घ्यावी. प्रीमिअर प्रोमध्ये प्रोजेक्ट ही एक स्वतंत्र फाइल असते. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट एका अंतर्गत संग्रहात साठविले जातात. त्यांची बाहेर सुटी फाइल मिळविण्यासाठी ती मुद्दाम काढून घ्यावी लागते. हे माहीत नसल्यामुळे संगणक दुरुस्तीला देताना चित्रीकरण जपले जाते आणि संकलन मात्र नष्ट होते.

४.२.६ देवनागरी अक्षरांची दक्षता

भाषेचे विद्यार्थी या नात्याने या मुद्द्याकडे आपण विशेष लक्ष द्यावे. सॉफ्टवेअर बदलले की सर्वांत आधी बिघडतात ती शीर्षके. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मजकूर केवळ त्या टंकामुळे देवनागरी दिसतो. टंक नसलेल्या संगणकावर त्याची निरर्थक रोमन अक्षरे होतात. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर टिकतो, परंतु तोही नीट जुळवून दाखविण्याची क्षमता साधनात असावी लागते. प्रीमिअर प्रोमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठी अक्षरजुळणीचा वेगळा पर्याय दिलेला आहे. तो न निवडल्यास जोडाक्षरे सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी जाते.

मराठीत यामुळे अर्थही बदलू शकतो. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. सह्याद्रीवरील माहितीपटाच्या शीर्षकात हा ‘ऱ्या’ नीट उमटला नाही, तर डोंगरात समुद्र अवतरतो. ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांत स्वयंपाकी आणि गुरू एवढे अंतर आहे. म्हणून नव्या साधनावर काम सुरू करण्यापूर्वी ‘दुसऱ्या’, ‘ऱ्हास’, ‘वाङ्मय’, ‘सर्वोत्कृष्ट’, ‘किल्ली’ असे शब्द असलेली एक चाचणी-ओळ लिहून, चित्रफीत प्रत्यक्ष काढून तपासावी. पडद्यावर दिसलेले आणि अंतिम फाइलीत उमटलेले सारखेच आहे, याची खात्री करावी.

शीर्षकांचा आणि श्रेयनामावलीचा मजकूर नेहमी वेगळ्या युनिकोड फाइलीत ठेवावा. उपशीर्षकांसाठी एसआरटी हे साधे स्वरूप वापरावे. त्यात क्रमांक, वेळ आणि मजकूर एवढेच असते आणि बहुतेक सॉफ्टवेअर ते वाचतात. एकदा मेहनतीने तपासलेले शुद्धलेखन मग पुन्हा टंकलिखित करावे लागत नाही.

४.२.७ जुन्या कामाचे जतन

प्रत्येक काम पूर्ण होताच चार गोष्टी एकत्र ठेवाव्यात : उत्तम दर्जाची अंतिम चित्रफीत, शक्य असल्यास शीर्षके नसलेली दुसरी प्रत, जिच्यात संवाद, संगीत व इतर ध्वनी वेगळे ठेवलेले असतील, एक्सएमएल फाइल, आणि मूळ साहित्यासह मजकुराच्या फाइली. जुन्या सॉफ्टवेअरची वर्गणी संपण्यापूर्वीच, ते चालू असताना, हे काम उरकावे. एखाद्या वृद्ध लोककलावंताची मुलाखत पुन्हा चित्रित करता येत नाही. काही वर्षांनी तिचा कोणी अभ्यासक मिळाला, तर ती त्याच्या हाती देता येणे, हे संकलकाच्या जबाबदारीत मोडते.

४.३ सारांश

संकलकाचे निर्णय साधनाहून वेगळे असतात. पण त्या निर्णयांची नोंद साधनाच्या भाषेत अडकलेली असते. फायनल कट प्रोच्या २०११ मधील बदलाने हे जगभरच्या संकलकांना दाखवून दिले. साधन बदलताना कट व क्रम सोबत येतात, रूप व सजावट पुन्हा घडवावी लागते. स्वच्छ टाइमलाइन, लेखी नोंद, संदर्भ-चित्रफीत, योग्य फ्रेमदर आणि वेगळी नावे ही पूर्वतयारी होय. देवनागरी मजकूर युनिकोडमध्ये स्वतंत्र ठेवावा आणि प्रत्येक काम अशा स्वरूपात जतन करावे, की ते उघडण्यासाठी कोणत्याही एका सॉफ्टवेअरवर अवलंबून राहावे लागणार नाही.

४.४ पारिभाषिक शब्द

टाइमलाइन : दृश्य व ध्वनी यांच्या क्लिपा कालक्रमाने मांडण्याची पट्टी.
फ्रेमदर : एका सेकंदात दाखविल्या जाणाऱ्या स्थिर चित्रांची संख्या.
ईडीएल : कटांची क्रमवार यादी असलेली फाइल.
रंगसंस्कार : दृश्यांच्या रंगछटा व प्रकाश यांत केलेली दुरुस्ती.

४.५ ‘आपली प्रगती तपासा’ची उत्तरे

१. सातव्या आवृत्तीत क्लिप काढल्यावर ट्रॅकवर रिकामी जागा राहत असे. २०११ च्या आवृत्तीत पुढील क्लिपा आपोआप सरकून ती जागा भरून काढीत.
२. नव्या टाइमलाइनवरील प्रत्येक कट मूळ कामाप्रमाणेच आला आहे की नाही, हे फ्रेमगणिक पडताळण्यासाठी.

४.६ स्वाध्याय व उपक्रम

१. ‘प्रोजेक्ट फाइल ही एका विशिष्ट सॉफ्टवेअरच्या भाषेत लिहिलेली असते’ हे विधान उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. देवनागरी शीर्षकांबाबत घ्यावयाच्या दक्षतेवर टीप लिहा.
३. उपक्रम : आपल्या परिसरातील एका ज्येष्ठ व्यक्तीची पाच मिनिटांची मुलाखत चित्रित करून उपलब्ध सॉफ्टवेअरवर संकलित करा. तीच टाइमलाइन दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन काय आले व काय राहिले, याचा तक्ता तयार करा आणि संपर्कसत्रात त्यावर चर्चा करा.